निखात निधी आणि लोकमानस : वर्धा जिल्हा व विदर्भाच्या संदर्भात
(प्रस्तावना)

जमिनीच्या पोटात कोणीतरी हेतुपुरस्सर ठेवलेले आणि पुन्हा न्यायला कोणी न आलेले धन हा इतिहास, अर्थव्यवहार, कायदा आणि लोकश्रद्धा या चारही क्षेत्रांत एकाच वेळी पाय रोवून उभा असलेला विषय आहे, आणि म्हणूनच त्याचा विचार यांपैकी एकाच बाजूने केला तर तो अपुरा राहतो. अशा धनाला अभ्यासक ‘निखात निधी’ म्हणतात. लोक त्यालाच ‘गुप्तधन’ म्हणतात. नांगराच्या फाळाला एखादे सुटे नाणे लागणे वेगळे, दफनात मृताबरोबर पुरलेल्या वस्तू वेगळ्या, आणि एखाद्या मडक्यात, पेटीत किंवा खड्ड्यात एकत्र करून दडवलेला संचय वेगळा. निखात निधी या संज्ञेत काटेकोरपणे फक्त तिसरा प्रकार येतो, कारण त्यात ‘हे सारे एकाच वेळी, एकाच हाताने, एकाच हेतूने येथे ठेवले गेले’ अशी साक्ष असते आणि ती साक्ष इतर कोणत्याही पुराव्यात इतक्या स्पष्टपणे मिळत नाही. पुढील विवेचनात दफनातील वस्तूंचा आणि पुरलेल्या ताम्रपटांचाही विचार येतो, पण तो या भेदाचे भान ठेवून. विदर्भात जमिनीतून निघालेल्या गोष्टींकडे लोक पाहतात तेव्हा हा भेद केला जात नाही, आणि लोकमानस हाही या ग्रंथाचा विषय असल्याने तो सर्वत्र करून चालणार नाही.

जगात या विषयाची सर्वाधिक चर्चा उत्तर युरोपातील व्हायकिंग काळाच्या संदर्भात होते. आठव्या शतकाच्या अखेरीपासून अकराव्या शतकापर्यंत स्कँडिनेव्हियातील दर्यावर्दी लोकांनी व्यापार, वसाहती आणि लूटमार यांच्या मार्गाने जी चांदी जमा केली, तिचा मोठा भाग जमिनीत पुरला गेला. इंग्लंडमधील कर्डेल येथे १८४० मध्ये मिळालेल्या निधीत आठ हजारांहून अधिक वस्तू होत्या. स्वीडनच्या गॉटलँड बेटावर स्पिलिंग्ज येथे १९९९ मध्ये सापडलेल्या चांदीचे वजन सुमारे ६७ किलो भरले. २००७ मध्ये यॉर्कशायरमधील एका शेतात पिता-पुत्रांना धातुशोधक यंत्राच्या साहाय्याने चांदीचे एक मुलामा दिलेले पात्र मिळाले, ते त्यांनी आतील माती न उपसता जसेच्या तसे अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले, आणि ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत ते उलगडले गेले तेव्हा त्यातून ६१७ नाणी, चांदीचे तुकडे आणि सोन्याचे एक कडे बाहेर आले. याच्या अगदी उलट, २०१५ मध्ये हेरफोर्डशायरमध्ये सापडलेला निधी शोधणाऱ्यांनी दडवला आणि परस्पर विकायला काढला. त्यात सुमारे ३०० नाणी असावीत असा अंदाज आहे, पण सुरुवातीला हाती आली ती ३१. त्या थोडक्या नाण्यांवरूनसुद्धा वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा केओलवुल्फ यांच्या संबंधांविषयीची रूढ समजूत बदलावी लागली. उरलेल्या नाण्यांबरोबर काय गेले याचा हिशेब आता कोणालाही मांडता येणार नाही. या दोन घटनांत शोधणाऱ्यांची उत्कंठा सारखीच होती. फरक पडला तो निधी हाती आल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत.

या दूरच्या उदाहरणांचा वर्धा जिल्ह्याशी संबंध केवळ तुलनेपुरता नाही. यॉर्कशायरच्या त्या पात्रात समरकंदकडील टाकसाळींतून निघालेले दिरहमही होते, म्हणजे इस्लामी जगाची चांदी व्यापारी मार्गांनी थेट उत्तर समुद्रापर्यंत पोहोचली होती. ते पात्र इ. स. ९२७-९२८ च्या सुमारास पुरले गेले असावे. त्यानंतर जेमतेम बारा वर्षांनी, शके ८६२ म्हणजे इ. स. ९४० मध्ये, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याने दिलेला ताम्रपट वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे मिळाला असून नागपूर या नावाचा सर्वांत जुना उल्लेख त्यात आहे. याच राष्ट्रकूटांना अरब प्रवासी ‘बलहरा’ म्हणत. व्यापारी सुलेमानच्या नवव्या शतकातील वृत्तांतात आणि दहाव्या शतकाच्या आरंभी चौलला येऊन गेलेल्या अल-मसूदीच्या लेखनात बलहरा हा अरबांशी स्नेह राखणारा थोर राजा म्हणून येतो. एकाच अरबी व्यापारजाळ्याचे एक टोक बाल्टिक समुद्राला आणि दुसरे कोकण किनाऱ्याला भिडलेले होते, आणि देवळी त्या दुसऱ्या टोकाच्या मागे पसरलेल्या राज्यात होती. मात्र येथे चांदीचे डोंगर पुरले गेल्याचे दिसत नाही. त्या काळात महाराष्ट्रात जे पुरले गेले त्यात प्रामुख्याने ‘गधैया’ म्हणून ओळखली जाणारी, सासानी नाण्यांच्या नकलांवरून उतरत उतरत ओळखू न येण्याइतकी विरूप झालेली, हिणकस चांदीची जाड नाणी आढळतात. ती दिसायला ओबडधोबड असल्याने वृत्तपत्रांत झळकत नाहीत, परंतु त्या शतकांतील सामान्य देवघेवीचा तेवढा भरवशाचा पुरावा दुसरा नाही.

वर्धा जिल्ह्यातील जमिनीतून निघालेल्या लेखांमध्ये राष्ट्रकूटांच्याही आधीच्या वाकाटकांचे ताम्रपट अधिक मोलाचे आहेत. तत्कालीन हिंगणघाट तहसिलीतील जांब आणि आर्वीकडील बेलोरा येथे दुसऱ्या प्रवरसेनाचे ताम्रपट मिळाले, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते वाचून त्यांतील गावांची आजच्या गावांशी सांगड घालण्याचा प्रयत्न केला. वाकाटकांचे ताम्रपट म्हणजे तांब्याचे काही पातळ पत्रे, त्यांना एका कडीत ओवून लावलेली राजमुद्रा, आणि अक्षरांच्या माथ्यावर लहानशी चौकट असलेल्या, म्हणून ‘पेटिकाशीर्षक’ म्हटल्या जाणाऱ्या लिपीत कोरलेले दानपत्र. दानपत्रात गावाच्या चतुःसीमा दिलेल्या असतात आणि दान घेणाऱ्याला कोणकोणत्या सवलती मिळाल्या याची ठरीव शब्दांत मोजदाद असते: गावात राजाचे शिपाई शिरणार नाहीत, गाईबैल सक्तीने घेतले जाणार नाहीत, फुले व दूध उचलले जाणार नाही, वेठ घेतली जाणार नाही. या मालिकेतच, वाचकाने सहज ओलांडून जावे अशा रीतीने, ‘निधी’ आणि ‘उपनिधी’ असे दोन शब्द येतात. दिलेल्या गावाच्या जमिनीत जे पुरलेले धन सापडेल आणि जी ठेव निघेल, तीवरचा हक्कही राजाने गावाबरोबरच देऊन टाकला, असा त्याचा अर्थ आहे. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी या भागातील शासनव्यवहारात भूमिगत धन ही काही दंतकथा नव्हती; जमीनमहसूल, मीठ आणि मद्य यांच्या रांगेत बसणारी, नेहमी उद्भवणारी आणि म्हणून लेखी निकालात काढावी लागणारी बाब होती. ज्या पत्र्यांवर हे कोरले आहे, ते पत्रेही कालांतराने जमिनीतूनच बाहेर यावेत हा योगायोग या विषयाच्या अभ्यासकाला विसरता येत नाही.

लोक धन का पुरत असत याचे उत्तर विदर्भाच्या इतिहासात शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. सावकारी पेढी शहरात, गावात लाकडी कवाडांपलीकडे संरक्षण नाही, आणि वर्षातून केव्हाही लुटारूंची टोळी येण्याची धास्ती, अशा परिस्थितीत शेतकऱ्याला, वाण्याला आणि पाटलाला घराची जमीन हीच तिजोरी होती. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत पेंढाऱ्यांच्या धाडींनी नागपूरकर भोसल्यांचा मुलूख उजाड केला, आणि वर्धा खोऱ्यातील अनेक गावांत आजही ढासळलेल्या अवस्थेत दिसणाऱ्या मातीच्या गढ्या या त्या आणि तत्पूर्वीच्या असुरक्षित काळाच्या खुणा आहेत. धाड आली की गाव गढीत शिरे. सोबत नेता येईल ते नेले जाई आणि नेता न येण्यासारखे चुलीमागे, गोठ्यात किंवा परड्यात पुरले जाई. पुरणारा जिवंत परतला तर त्याने ते उकरून घेतले, आणि इतिहासाला त्याची खबर लागली नाही. परतला नाही, अथवा मरतेसमयी सांगू शकला नाही, तरच ते उरले. निखात निधींच्या अभ्यासातील हे मूलभूत सूत्र आहे: आपल्याला सापडतात ते फसलेले निधी असतात, आणि म्हणून एखाद्या काळातील निधी मोठ्या संख्येने मिळाले तर तो काळ श्रीमंत होता असे नव्हे, तर तो काळ धोक्याचा होता, असे अनुमान काढणे अधिक सयुक्तिक ठरते.

या वास्तवाभोवती लोकसमजुतींचे जे दाट रान वाढले, त्याची दखल न घेता हा विषय पुरा होत नाही. धनावर नाग बसलेला असतो. तो पुरणाऱ्याचाच आत्मा असतो. हंडे जमिनीखालून सरकतात आणि अमावास्येच्या रात्री त्यांच्या साखळ्या वाजतात. पायाळू माणसाच्या, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्याच्या, डोळ्यांत विशिष्ट अंजन घातले की त्याला जमिनीखालचे दिसते. धन जागेवरून हलवायचे तर त्याला काहीतरी द्यावे लागते. या समजुतींचा एक भाग निरुपद्रवी आहे, किंबहुना त्यांत पुरलेल्या धनाविषयीची एक नैतिक जाणीवही आहे, कारण जे आपले नाही त्याला हात लावला तर त्याची किंमत मोजावी लागते हा भाव त्यांच्या मुळाशी आहे. परंतु ‘धनाला काहीतरी द्यावे लागते’ या शेवटच्या समजुतीने महाराष्ट्रात माणसांचे, आणि त्यातही मुलांचे, जीव घेतले आहेत, आणि तेथे लोकसाहित्याच्या कौतुकाला जागा उरत नाही. अंधश्रद्धाविरोधी चळवळीतील डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर काही दिवसांतच आधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात नरबळी व इतर अमानुष, अनिष्ट, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा अधिनियम संमत झाला. त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधाच्या नावाखाली केलेल्या अमानुष कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला, यावरून या समजुतीची पकड किती खोल होती हे कळते. मांडूळ साप, वीस नखांचे कासव, पांढरा पळस यांची धनशोधासाठी होणारी चोरटी खरेदी-विक्री आणि तांदूळ खेचून घेणाऱ्या तथाकथित चमत्कारी भांड्यांच्या नावाने होणारी फसवणूक ही त्याच वेलीची अलीकडची फळे होत. यांत लुबाडला जातो तो बहुधा कर्जाने पिचलेला, एका रात्रीत सुटका होईल या आशेला धरून बसलेला माणूस.

प्रस्तुत ग्रंथाची भूमिका अशी आहे की, लोकांच्या या ओढीला अज्ञान म्हणून झिडकारण्यात काही साधत नाही. तिचा रोख कोठे आहे हे पाहिले पाहिजे. हा रोख सोन्यावर आहे, आणि विदर्भाच्या व त्याच्या लगतच्या भूमीने दिलेले खरोखरीचे निधी पाहिले तर त्यांत सोने जवळजवळ नाहीच. १८७० मध्ये तत्कालीन मध्य प्रांतातील, आता मध्य प्रदेशात असलेल्या बालाघाट जिल्ह्यात, गुंगेरिया या गावी गुरे राखणाऱ्या मुलांना जमिनीतून डोकावणारी एक तांब्याची वस्तू दिसली आणि तेथे खणल्यावर ४२४ तांब्याची अवजारे व चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. तांब्याचे वजन ८२९ पौंड, म्हणजे सुमारे ३७६ किलो होते. अवजारांत चपट्या कुऱ्हाडी आणि लांब पहारीसारख्या वस्तू आहेत; चांदीच्या पत्र्यांतील काही गोल तबकड्या आहेत, तर काहींना बैलाच्या शिंगे असलेल्या मुखाचा आकार दिलेला आहे. हा संचय इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातील मानला जातो, आणि भारतात इतक्या तांब्याचा एकत्र साठा दुसरा ज्ञात नाही. तो कोणी केला, देवाला वाहिला की व्यापारासाठी साठवला, चांदी कोठून आली, यांपैकी एकाही प्रश्नाला ठाम उत्तर मिळालेले नाही, कारण वस्तू उपसल्या गेल्या तेव्हा त्या कोणत्या क्रमाने रचल्या होत्या, आजूबाजूला वस्ती होती की नव्हती, याची नोंद आजच्या अभ्यासाला पुरेल अशी झाली नाही. वस्तू टिकल्या, त्यांचा संदर्भ, म्हणजे त्यांचे जागेशी आणि परस्परांशी असलेले नाते, टिकला नाही.

संदर्भ टिकला, किंवा निदान संच एकत्र राहिला, की काय साधते याची उदाहरणे महाराष्ट्राने जगाला दिली आहेत. नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये मिळालेल्या निधीत क्षत्रप राजा नहपान याची १३,२५० चांदीची नाणी होती, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपले चैत्य आणि उज्जयिनी चिन्ह पुन्हा ठोकलेले होते. गौतमीपुत्राने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, उच्छेद केला हे नाशिकच्या लेण्यातील लेखात कोरलेलेच आहे. पण शिलालेखातील प्रशस्ती ही शेवटी प्रशस्ती असते, तर पराभूत राजाच्या चेहऱ्यावर विजेत्याने ठोकलेला शिक्का हजारो वेळा एकाच निधीतून बाहेर येतो तेव्हा शंकेला जागा राहत नाही. येथे महत्त्व एकेका नाण्याला नाही. ती नाणी सुटी सुटी बाजारात आली असती, तर पुन्हा ठोकलेल्यांचे न ठोकलेल्यांशी असलेले प्रमाण कधीच कळले नसते, आणि सत्तांतर चालू असताना, पैसा बदलून घेण्याचे काम अर्धवट असताना हा साठा पुरला गेला हा निष्कर्षही काढता आला नसता.

वऱ्हाडातील तऱ्हाळा येथे, तत्कालीन अकोला आणि आताच्या वाशीम जिल्ह्यात, १९३९ मध्ये मिळालेला सातवाहन नाण्यांचा निधी हे याहूनही बोलके उदाहरण आहे. ही सुमारे दीड हजार नाणी पोटिनची, म्हणजे तांबे, कथील आणि शिसे यांच्या हलक्या मिश्रधातूची आहेत. मोडीत घालणाऱ्याला त्यांचे काहीच आले नसते. एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती आणि दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह असलेली ही झिजलेली नाणी मिराशींनी एकेक करून वाचली, तेव्हा गौतमीपुत्र, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी अशा परिचित राजांच्या जोडीला कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी पुराणांच्या वंशावळीत न आढळणारी नावे पुढे आली. सातवाहनांच्या अखेरच्या काळात विदर्भावर कोणाची सत्ता होती, या अंधाऱ्या प्रश्नावर पडलेला हा भक्कम प्रकाश होता. सोन्याच्या आशेने खणणाऱ्याने फेकून दिले असते असे हे धन आहे, आणि विदर्भाच्या प्राचीन इतिहासाला त्याच्याइतकी देणगी फार थोड्या शोधांनी दिली आहे.

धातूच्या भावाने पाहणाऱ्या दृष्टीतून इतिहास किती थोडक्यात वाचतो याचा दाखला प्रभावतीगुप्तेच्या पुणे ताम्रपटात आहे. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या वाकाटक राजाची राणी होती आणि पतीच्या मृत्यूनंतर तिने अल्पवयीन मुलाच्या वतीने राज्य चालवले, हे आज शालेय पुस्तकातही असते. परंतु विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हे पत्रे उजेडात येईपर्यंत वाकाटकांचा काळच निश्चित नव्हता, आणि ज्या पत्र्यांनी तो निश्चित केला ते मूळच्या अहमदनगरच्या एका तांबट घराण्याकडे होते. तांब्याची भांडी घडवणाऱ्याच्या घरी आलेले जुने तांबे भट्टीत जाणे हीच त्याची स्वाभाविक वाट होय. त्या घराण्याने ते जपले, याबद्दल महाराष्ट्राच्या इतिहासाने त्यांचे ऋण मानले पाहिजे. किती तांबटांच्या आणि सोनारांच्या मुशीत किती राजांची दानपत्रे वितळली असतील, याची कल्पनाही क्लेशदायक आहे.

वर्धा जिल्ह्यापुरता विचार केला तर पवनारचे स्थान वेगळे आहे. धाम नदीच्या काठी वसलेल्या या गावाच्या पांढरीत, म्हणजे शतकानुशतकांच्या वस्तीच्या राखमातीने तयार झालेल्या उंचवट्यात, नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी १९६७ मध्ये उत्खनन केले. मिराशींनी पवनार म्हणजेच प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर असे प्रतिपादन केले होते. पुढे रामटेकजवळच्या मनसर येथील उत्खननाने त्या मताला आव्हान मिळाले आणि तो वाद अद्याप मिटलेला नाही. परंतु पवनारने दिलेली सर्वांत प्रसिद्ध वस्तू उत्खननातून नव्हे, तर आश्रमाच्या जमिनीतून आली. विनोबा भावे येथे राहावयास आल्यानंतर आश्रमाची जमीन खणताना जी प्राचीन शिल्पे निघाली, त्यांत राम आणि भरत यांच्या भेटीचे म्हणून ओळखले जाणारे शिल्प होते, आणि विनोबांनी त्याची तेथेच स्थापना केली. मिराशींनी पवनारच्या शिल्पपटांत रामायणातील प्रसंग ओळखून तेथे वाकाटककालीन राममंदिर असावे असे मांडले. पुरातत्त्वज्ञाच्या दृष्टीने शिल्पाचा थर नोंदला जाणे इष्ट होते हे खरे. पण जमिनीतून आलेली वस्तू विकली गेली नाही, दडवली गेली नाही, आणि ज्या मातीने ती दिली त्या मातीतच सर्वांच्या दृष्टीसमोर राहिली, ही गोष्ट लहान नाही. भूमिगत वस्तूशी समाजाने ठेवावयाच्या नात्याचा हा एक तिसरा प्रकार आहे, आणि तो ना संग्रहालयाच्या काचेत बसतो, ना सराफाच्या तराजूत.

पांढरी हा शब्द वर आला आहे, त्याचा खुलासा थोडा लांबवणे अगत्याचे आहे. गावाच्या शेतजमिनीला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणण्याची महाराष्ट्राची जुनी वहिवाट आहे. कापसाच्या काळ्याभोर मातीत, जेथे वस्ती झाली तेथे राख, शेण, भिंतींची माती आणि खापऱ्या यांचे थर साचून माती फिकट होते. उजाड झालेल्या गावाची जागा दुरूनही ओळखता येते ती या रंगावरून. ही माती शेतात टाकली की पीक चांगले येते, घरे सारवायला आणि विटांनाही ती उपयोगी पडते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ती गाडीने वाहून नेली गेली आणि आता यंत्राने नेली जाते. विदर्भातील निधी उघडे पडण्याचे हे फार मोठे कारण आहे आणि त्यांचा संदर्भ नष्ट होण्याचेही तेच. मांत्रिकाच्या सांगण्यावरून रात्री खणलेला खड्डा लहान असतो. पांढरीची आख्खी टेकडी मात्र दिवसाढवळ्या, कोणाच्याही वाईट हेतूविना संपते.

अशीच हानी शिलावर्तुळांची झाली. नागपूर-वर्धा भागात लोहयुगातील लोकांनी आपल्या मृतांवर मातीगोट्यांचे ढिगारे रचून त्यांभोवती मोठ्या दगडांची कडी उभी केली. त्यांना बृहदश्म किंवा महापाषाणीय दफने म्हणतात. नागपूरजवळचे जुनापाणी आणि माहुरझरी, तसेच वर्धा जिल्ह्यातील खैरवाडा ही त्यांची ठळक स्थळे. लोक ही कडी गवळ्यांच्या जुन्या तळांची मानत. त्यांत निघतात त्या लोखंडी कुऱ्हाडी आणि खंजीर, काळी-तांबडी भांडी, घोड्याच्या मुखावर बांधायचे तांब्याचे अलंकार आणि क्वचित खुद्द घोड्याचे अवशेष. हे निखात निधी नव्हेत, पण धनाच्या आशेने तेही फोडले जातात. आणि लोखंडाचा गंजलेला तुकडा हाती आला की तो बाजूला फेकला जातो, जरी विदर्भात लोखंड गाळण्याची विद्या अडीच हजार वर्षांपूर्वी किती पुढे गेली होती हे सांगणारा साक्षीदार तोच असला तरी.

येथे कायद्याचा विचार करणे प्राप्त आहे, कारण लोकांच्या वागण्याला त्याने दिलेले वळण मोठे आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खाण, रत्ने किंवा निधी यांची खबर देणाऱ्याला सहावा हिस्सा सांगितला आहे. आजही लागू असलेला १८७८ चा निखात निधी अधिनियम त्याहून उदार आहे: जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वास्तूत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू मिळाल्यास ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी, चौकशीअंती तिचा कोणी मालक नाही असे ठरल्यास सर्वसाधारणपणे तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला मिळावे, अशी त्यात तरतूद आहे. न कळवणाऱ्याचा हिस्सा बुडतो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मात्र सरकारने निधी स्वतःकडे ठेवावयाचे ठरवले तर जो मोबदला द्यावयाचा, तो वस्तूतील द्रव्याची किंमत अधिक तिचा पाचवा भाग, असा ठरवलेला आहे. म्हणजे तऱ्हाळ्याच्या नाण्यांचा मोबदला तांबे-शिशाच्या भावाने होणार. यॉर्कशायरचा निधी दोन संग्रहालयांनी मिळून दहा लाख पौंडांहून अधिक बाजारभावाने घेतला आणि ती रक्कम शोधणारे व जमीनमालक यांच्यात वाटली गेली, हे लक्षात घेतले म्हणजे फरक ध्यानात येतो. विदर्भातील शेतकऱ्याने ताम्रपट तहसील कचेरीत नेऊन द्यावा अशी अपेक्षा करताना, कायद्याच्या लेखी त्या ताम्रपटाची किंमत मोडीच्या तांब्याहून एक पंचमांशानेच अधिक आहे, हे विसरता कामा नये. धातूच्या वजनाने इतिहास मोजण्याची जी दृष्टी लोकांत आहे म्हणून अभ्यासक हळहळतात, तीच दृष्टी दीडशे वर्षे कायद्यातही लिहिलेली आहे, आणि ती बदलावयास हवी ती आधी तेथे.

१८६३ मध्ये स्थापन झालेले आणि नागपूरकरांना ‘अजब बंगला’ या नावाने परिचित असलेले मध्यवर्ती संग्रहालय हे या प्रदेशातील निधींचे परंपरागत आश्रयस्थान. सरकारजमा झालेली नाणी निरनिराळ्या संग्रहालयांत थोडी थोडी वाटून देण्याची पद्धत ब्रिटिश काळात रूढ झाली. तीमागे अधिकाधिक लोकांना ती पाहता यावीत असा चांगला हेतू होता, परंतु तिच्यामुळे संचाचा संच म्हणून अभ्यास करणे दुरापास्त झाले. जमिनीने एकत्र ठेवलेले कागदोपत्री वेगळे झाले.

या पार्श्वभूमीवर पुढील प्रकरणांची मर्यादा सांगितली पाहिजे. त्यांचा भर वर्धा जिल्ह्यावर आहे, आणि जिल्हा १८६२ मध्ये नागपुरातून वेगळा काढला गेला असल्याने त्याआधीच्या काळासाठी त्याची सीमा ही केवळ सोयीची रेषा समजावी. निधी हाती आला असता तो धुऊ नये, मडके फोडू नये, नाणी मोजण्यासाठी वेगळी करू नयेत, खोली आणि जागा लिहून ठेवावी आणि तलाठ्याला किंवा तहसीलदाराला लेखी कळवून पोच घ्यावी, एवढ्या सूचना ग्रंथात जागोजागी पुन्हा पुन्हा आल्या आहेत. ती पुनरुक्ती जाणीवपूर्वक आहे. त्याचबरोबर जे आधीच बाहेर आले आहे त्याचे क्षेत्रकार्यही उरलेले आहे. जांबच्या ताम्रपटात दान दिलेल्या कोथुरक गावाच्या सीमा सांगताना पश्चिमेस उमा नदी, उत्तरेस चिंचापल्ली, पूर्वेस बोंथिकवाटक आणि दक्षिणेस मांडुकीग्राम अशी नावे येतात. मिराशींनी मांडुकीग्राम म्हणजे आजचे मांडगाव आणि उमा म्हणजे वणा नदी असे मानले. मांडगावच्या उत्तरेस, वणेच्या पूर्वेकडील पट्ट्यातील पांढरीच्या जागा गाववार पायी फिरून नोंदवणे, त्यांवरील खापऱ्या गोळा करून त्यांचा काळ ठरवणे आणि जुन्या महसुली नकाशांतील उजाड गावांची नावे या चार नावांशी ताडून पाहणे, हे काम आता, त्या जागांवरची माती शिल्लक आहे तोवरच, हाती घेता येण्यासारखे आहे.